काढून टाकलेली अक्षरे : नांदेड-लातूरच्या संगणकांवरील सॉफ्टवेअर-सफाईचा इतिहास

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवणे हे तुलनेने सोपे काम आहे, कारण त्यासाठी डिस्कवर पुरेशी जागा असली की भागते; तेच सॉफ्टवेअर काढायचे झाले, की त्याच्यावर आणखी कोण विसंबून आहे हे आधी शोधावे लागते, आणि ते कोणीतरी लिहून ठेवलेले असेल तरच सापडते. यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार सांभाळणारे मूळ सॉफ्टवेअर म्हणजे कार्यप्रणाली. गेल्या चाळीस वर्षांत कार्यप्रणालींनी अनावश्यक प्रोग्राम सुरक्षितपणे काढण्याच्या ज्या रीती घडवल्या, त्यांचा इतिहास बराचसा अशा नोंदी ठेवण्याचाच इतिहास आहे. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांत या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. येथे संगणकावरून जे काढले गेल्याने भरून न येणारे नुकसान झाले, ते बहुधा प्रोग्राम नसून मराठी अक्षर दाखवणारे फॉन्ट होते, आणि फॉन्टवर कोणती कागदपत्रे विसंबून आहेत याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणत्याही कार्यप्रणालीने कधी घेतली नाही.

हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा काढला गेला. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. सरकारी बाजूने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संगणक यंत्रणेने, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा मुख्यालये उपग्रहाच्या जाळ्यात आणली. तरीही सामान्य माणसाचा संगणकाशी पहिला संबंध महाविद्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात आला असे म्हणता येत नाही. तो आला डीटीपीच्या दुकानात, म्हणजे खिळे जुळवण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर पान लावून देणाऱ्या दुकानात, जेथे लग्नपत्रिका, हस्तपत्रके, निवडणुकीचे जाहीरनामे, आणि परीक्षांची कसून तयारी करून घेण्याच्या ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाल्यानंतर शिकवणी वर्गांच्या नोट्स व सराव-प्रश्नपत्रिका तयार होत. म्हणून या जिल्ह्यांतील सॉफ्टवेअर-सफाईचा इतिहास लिहायचा तर तो प्रयोगशाळेतून न लिहिता या दुकानांतून लिहावा लागतो.

सुरुवातीच्या एमएस-डॉस या कार्यप्रणालीत प्रोग्राम काढण्याची वेगळी रीत नव्हती, आणि तिची फारशी गरजही नव्हती. एक प्रोग्राम बहुधा एका डिरेक्टरीत, म्हणजे फाइली ठेवण्याच्या एका कप्प्यात राही. तो कप्पा रिकामा करून पुसला की काम संपे, आणि १९९३ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत ‘डेलट्री’ ही आज्ञा मिळाल्यावर आतल्या कप्प्यांसह सगळे एका फटक्यात पुसता येऊ लागले. त्या आज्ञेचा धोका उघड होता, पण तो वापरणाऱ्याला दिसण्यासारखा होता, कारण जे पुसले जाई ते एकाच जागी असे.

विंडोजने ही सोय मोडली. विंडोजमध्ये अनेक प्रोग्रामांना लागणारे समान काम एकाच फाइलीत लिहून ती सर्वांनी वापरावी अशी पद्धत आली. या सामाईक फाइलींना डीएलएल म्हणतात, आणि त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या कप्प्यात न राहता विंडोजच्या सिस्टीम नावाच्या कप्प्यात जमा होत. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हार्ड डिस्क शेकडो एमबींत मोजली जात असल्याने ही काटकसर समर्थनीय होती. मात्र तिच्यामुळे एक प्रोग्राम काढताना दुसऱ्याच्या पायाखालची फाइल निघून जाण्याची शक्यता निर्माण झाली. १९९५ सालच्या विंडोजने यावर दोन उपाय केले. एक, ‘अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्राम्स’ या नावाची यादी दिली, जिच्यात प्रत्येक प्रोग्रामने स्वतःला काढण्याचा मार्ग नोंदवून ठेवायचा होता. आणि दोन, रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदपुस्तकात प्रत्येक सामाईक फाइलीपुढे ती किती प्रोग्राम वापरतात याचा आकडा ठेवण्याची सोय केली. नवा प्रोग्राम आला की आकडा एकाने वाढायचा, गेला की एकाने उतरायचा, आणि शून्यावर आला की फाइल काढायला हरकत नाही, असा हा साधा हिशेब होता. हिशेबात खोट एवढीच होती, की आकडा वाढवणे-उतरवणे त्या त्या प्रोग्रामच्या कर्त्याच्या सचोटीवर सोडलेले होते. कित्येक प्रोग्राम फाइल आणून ठेवत आणि आकड्याला हात लावत नसत. त्यामुळे काढण्याच्या वेळी ‘ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नसल्याचे दिसते, काढू का’ असा प्रश्न पडद्यावर येई आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्या यंत्रालाही ठाऊक नसे, उत्तर देणाऱ्या माणसालाही नसे. बहुतेक जण भीतीपोटी ‘नको’ म्हणत, आणि डिस्क भरत जाई.

या सगळ्या व्यवस्थेत फॉन्टला जागाच नव्हती. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच असलेली फाइल. विंडोजने १९९५ पासून सर्व फॉन्ट एका स्वतंत्र कप्प्यात ठेवले, आणि तेथे कोणाचे कोण लागते याचा आकडा नव्हता. इंग्रजी मजकुराला याने काही बिघडत नसे, कारण इंग्रजीचा एक फॉन्ट गेला तर दुसरा त्याची जागा घेतो आणि अक्षरांचे वळण तेवढे बदलते. मराठीची गोष्ट निराळी होती, आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयआयटी कानपूर येथे ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले, त्यातून पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान उभे राहिले, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, मानक म्हणून स्वीकारली. डीटीपीच्या बाजारात मात्र या मानकाला फारशी जागा मिळाली नाही. पेजमेकर आणि कोरल ड्रॉ हे पानजुळणीचे व चित्ररेखनाचे परदेशी प्रोग्राम देवनागरी ओळखत नव्हते. त्यांना २५६ खणांचा इंग्रजी फॉन्ट तेवढा कळे. तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपचे आकृती आणि सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजांनी त्या २५६ खणांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले : कोठे अर्धा त, कोठे वेलांटी, कोठे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. फाइलीत प्रत्यक्ष साठवले जाई ते इंग्रजी चिन्हांचे क्रमांक, आणि त्यांना मराठी रूप देण्याचे काम एकटा फॉन्ट करी. म्हणजे फॉन्ट काढला की मजकुराचे वळण बदलत नसे. मजकूरच वाचता येईनासा होई.

तरीही फॉन्ट काढावे लागत. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये रजिस्ट्रीतील एका नोंदीचा आकार ६४ केबीपुरता मर्यादित असल्याने सुमारे एक हजाराहून अधिक फॉन्ट बसवता येत नसत, आणि एका भारतीय पॅकेजबरोबर शेकड्यांनी फॉन्ट येत असताना ही मर्यादा गाठायला वेळ लागत नसे. नांदेडसारख्या गावात तर पेच आणखी वाढे, कारण तेथे एकाच दुकानात मराठी लग्नपत्रिका, उर्दू दावतनामा आणि सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी मजकूर अशी तिन्ही कामे येऊ शकतात. उर्दूसाठी १९९४ पासून इनपेज हा प्रोग्राम प्रचलित झाला. त्याच्या नूरी नस्तालीक या अक्षरवळणात सुमारे वीस हजार जोडाकृती असल्याने आणि एका फॉन्टात २५६ खणच असल्याने ते अनेक लहान फाइलींत विभागून टाकावे लागले होते. क्रमांकापलीकडे काही न सांगणारी नावे असलेल्या त्या फाइली फॉन्टच्या कप्प्यात पाहिल्या, तर परक्या माणसाला त्या निरुपयोगीच वाटाव्यात. त्यांतली एक जरी काढली, तरी उर्दू मजकुरातले निवडक शब्द अदृश्य होतात आणि उरलेले नीट राहतात. मुद्रितशोधकाच्या दृष्टीने याहून वाईट बिघाड क्वचितच असेल.

पेजमेकरमध्ये जुनी फाइल उघडताना फॉन्ट सापडला नाही, तर त्याच्या जागी कोणता फॉन्ट लावला जात आहे हे सांगणारी एक चौकट येत असे. ती चौकट मुळात रोमन अक्षरांच्या जाडी-रुंदीवरून साम्य शोधण्यासाठी केलेली होती. मराठी फॉन्टऐवजी ती एखादा इंग्रजी फॉन्ट सुचवी, आणि चालकाने घाईत ‘ओके’ केले की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. या अनुभवातून धंद्याने स्वतःचे दोन नियम घडवले. ‘फाइलीसोबत फॉन्ट द्या’ हा पहिला. आणि ‘कर्व्ह करून पाठवा’ हा दुसरा. कर्व्ह करणे म्हणजे कोरल ड्रॉमध्ये अक्षरांचे रूपांतर नुसत्या रेखाकृतींत करणे, ज्यामुळे फाइल फॉन्टवर विसंबून राहत नाही आणि कोणत्याही छपाईयंत्रावर जशीच्या तशी उमटते. मात्र कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर एक काना दुरुस्त करता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी तेथे मजकूरच उरलेला नसतो. ज्याला संगणकशास्त्रात अवलंबन म्हणतात, म्हणजे एका घटकाला चालण्यासाठी दुसरा घटक लागणे, त्याची गाठ या दुकानांनी अशी तोडून टाकली. शास्त्रज्ञांनी याच हेतूने प्रोग्रामला लागणाऱ्या सामाईक फाइली त्याच्या आतच शिवून टाकण्याची पद्धत काढली होती, आणि तिचीही किंमत अशीच होती : आतला भाग पुढे स्वतंत्रपणे सुधारता येत नाही.

सन २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावी पोहोचला. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागल्याने देगलूर, किनवट, उदगीर, अहमदपूर अशा ठिकाणच्या हजारो तरुणांनी संगणक प्रथम या केंद्रांत हाताळला. घरोघरी यंत्रे आली, तसे ती दुरुस्त करणारे कारागीरही आले, आणि त्यांच्याबरोबर सॉफ्टवेअर काढण्याची एक अगदी वेगळी रीत रूढ झाली : काही न काढता सगळेच काढून टाकणे. यंत्र मंद झाले, विषाणू शिरला, एखादा प्रोग्राम निघेना, अशा कोणत्याही तक्रारीवर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे एकच उत्तर असे. फॉरमॅट मारणे म्हणजे ज्या विभागात कार्यप्रणाली आहे तो, बहुधा ‘सी ड्राइव्ह’, पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवणे. या रीतीला अडाणीपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. रजिस्ट्रीतला आकडा विश्वासार्ह नसताना, सॉफ्टवेअरची मूळ सीडी हाताशी नसताना आणि गिऱ्हाईक दुकानात खोळंबलेले असताना, कोणते काढावे याचा शोध घेण्यापेक्षा सगळे पुसणे स्वस्त पडत होते. कागदपत्रे ‘डी ड्राइव्ह’वर ठेवण्याचा शिरस्ताही याच रीतीतून आला. त्यातली चूक एवढीच, की कागदपत्रे डीवर सुरक्षित राहत आणि त्यांना वाचता येण्याजोगे करणारे फॉन्ट सीवरून पुसले जात. फाइल शाबूत, नाव मराठी कामाचे, आणि उघडली तर आत रोमन चिन्हे. पॅकेज पुन्हा बसवायचे तर त्याचे हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय प्रोग्राम चालू न देणारी छोटी खुंटी, अजून चालू असायला हवी.

याच काळात मराठीला फॉन्टच्या युक्तीची गरज उरणार नाही अशी व्यवस्था तयार झालेली होती. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून होतीच. विंडोज २००० आणि २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये मंगल हा युनिकोड फॉन्टही मिळत होता. परंतु एक्सपीमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी लागणारा घटक आपोआप बसत नसे. भाषांच्या मांडणीत जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्या’ या पर्यायावर खूण करावी लागे आणि विंडोजची मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. त्यासाठी लागणारी जागा होती सुमारे १० एमबी. एक्सपीच्या कर्त्यांनी मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ या भाषांचे सहाय्य ऐच्छिक, म्हणजे सर्वसाधारण यंत्राला अनावश्यक, ठरवले होते. त्यात विंडोजचे घटक कापून हलकी सीडी बनवून देणारे एनलाइट हे साधन लोकप्रिय झाले, आणि बाजारात फिरणाऱ्या अशा कापलेल्या सीड्यांमधून भाषांचा घटक गाळलेला असला, की पर्यायावर खूण करूनही काही उपयोग होत नसे, कारण आणायची फाइलच सीडीवर नसे. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून हा घटक मुळातच बसवलेला येऊ लागला. या जिल्ह्यांत मात्र एक्सपी त्यानंतरही बरीच वर्षे चालली, आणि तिचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला.

सफाईच्या खास साधनांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो फारसा अभिमानास्पद नाही. नव्वदच्या दशकात क्वार्टरडेक कंपनीचे क्लीनस्वीप आले. पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टने अर्धवट निघालेल्या प्रोग्रामांच्या नोंदी साफ करणारे एक साधन दिले आणि ते दुसऱ्या घटकांना इजा करते असे आढळल्यावर २०१० साली परत घेतले. २००४ पासून घराघरांत पोहोचलेल्या सीक्लीनर या साधनाच्या एका आवृत्तीत २०१७ साली हल्लेखोरांनी घातक भाग मिसळला, आणि ती वीस लाखांहून अधिक यंत्रांवर गेली. रजिस्ट्रीतल्या शेकडो ‘चुका’ एका कळीत दुरुस्त करण्याने यंत्र वेगवान होते, ही समजूत तेव्हाही निराधार होती आणि आजही आहे.

काढण्याच्या शास्त्राची खरी प्रगती विंडोजबाहेर, लिनक्सच्या जगात झाली. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या प्रकल्पाने प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून बांधण्याची शिस्त लावली, आणि त्या पॅकेजच्या माथ्यावर ते कोणाकोणावर विसंबून आहे हे लिहिणे बंधनकारक केले. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, आणि तो न वाचता जमिनीचा व्यवहार करणारा पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढतो. डेबियनने प्रत्येक पॅकेजला असा रकाना दिला आणि तो वाचल्याशिवाय व्यवहार होऊ न देणारा कारकूनही नेमला. हा कारकून म्हणजे डीपीकेजी, आणि मार्च १९९९ च्या आवृत्तीपासून त्याच्या जोडीला आलेले एपीटी. विंडोजमध्ये आकडा मांडणे प्रत्येक प्रोग्रामच्या कर्त्यावर सोपवलेले होते. येथे सर्व नोंदी एकाच जागी, एकाच साधनाकडून ठेवल्या गेल्या, आणि कोणते पॅकेज काढले तर आणखी कोणती निघतील हे आधी सांगता येऊ लागले.

या पद्धतीतील काही भेद सर्वसामान्य वापरणाऱ्यानेही समजून घेण्यासारखे आहेत. ‘रिमूव्ह’ने पॅकेज निघते पण त्याच्या मांडणीच्या फाइली, म्हणजे वापरणाऱ्याने केलेले बदल, राहू दिले जातात, ‘पर्ज’ने त्याही जातात. वापरणाऱ्याने स्वतः मागवलेले पॅकेज आणि दुसऱ्याची गरज म्हणून आपोआप आलेले पॅकेज यांच्यात खुणेने फरक ठेवला जातो, ज्यामुळे मूळ मागणी करणारे पॅकेज गेले की त्याच्या मागे आलेली, आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने काढता येतात. ज्यांच्यावाचून कार्यप्रणाली उभीच राहणार नाही, त्यांच्यावर ‘अत्यावश्यक’ असा शिक्का असतो. आणि सर्वांत मोलाची सोय म्हणजे तालीम : प्रत्यक्ष काहीही न काढता काय काय निघेल याची यादी दाखवणारी आज्ञा. या यादीत अनपेक्षित नाव दिसले तर तेथेच थांबावे, हा सुरक्षित सफाईचा जवळजवळ एकमेव नियम आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीवर पॉप ओएस या लिनक्सवर खेळाचे पॅकेज बसवताना पॅकेजांमधील विसंगतीमुळे संपूर्ण डेस्कटॉपच निघून गेला. एपीटीने इशारा दिला होता आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे पूर्ण वाक्य टंकून घेतले होते, पण लांबलचक यादी वाचण्याचा धीर वापरणाऱ्याला झाला नाही. त्यानंतर त्या लिनक्सच्या कर्त्यांनी असा व्यवहार सहज होऊ नये अशी तजवीज केली.

मराठवाड्यात लिनक्स आले ते प्रामुख्याने अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या वर्गांतून आणि मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्यांमधून. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून अशा सीड्या वाटल्या होत्या. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय कार्यप्रणाली काढली, जिच्यात मराठीचाही समावेश होता, आणि रेड हॅट कंपनीने २००४ पासून मुक्त परवान्याखाली दिलेल्या लोहित फॉन्टांचे बरेचसे काम पुण्यात झाले. डीटीपीच्या दुकानांपर्यंत मात्र यांतले काही पोहोचले नाही, कारण पेजमेकर लिनक्सवर चालत नव्हते. जेथे काढण्याची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत होती तेथे मराठी छपाईचे काम नव्हते, आणि जेथे काम होते तेथे पद्धत नव्हती, असा हा विचित्र योग होता.

तथापि डेबियनच्या नोंदवहीलाही मराठीच्या बाबतीत आंधळी बाजू आहे, आणि ती लपवून या पद्धतीचे कौतुक करणे योग्य होणार नाही. लोहित देवनागरीचे पॅकेज काढायला सांगितले, तर बहुतेक प्रोग्रामांच्या ‘इतर हक्कां’त त्याचे नाव नसल्याने कारकून हरकत घेत नाही, ते निघते, आणि दुसरा देवनागरी फॉन्ट नसेल तर पडद्यावरच्या मराठीच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. प्रोग्राम प्रोग्रामवर विसंबून असतो हे नोंदले जाते. माणसाचे पत्र फॉन्टवर विसंबून असते हे नोंदण्याची जागाच नाही. त्याहून बोलके उदाहरण लोकेलपर्ज या साधनाचे आहे. वापरणाऱ्याने न निवडलेल्या सर्व भाषांचे अनुवाद पुसून डिस्कवरची जागा मोकळी करणे एवढेच त्याचे काम. ते डेबियनच्या व्यवस्थेत बसणारे नाही असा इशारा त्याच्या कर्त्यांनीच दिलेला आहे. इंग्रजी निवडून ते चालवले की इतर अनेक भाषांबरोबर मराठीही जाते, आणि पुढे त्याच यंत्रावर कोणाला मराठी हवी झाली तर ती पॅकेजे पुन्हा बसवावी लागतात. ‘अनावश्यक’ हे विशेषण यंत्र ठरवत नाही, ज्याच्या हाती कळफलक असतो तो त्या दिवसापुरते ठरवतो.

केंद्र सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले आणि राज्यातील कार्यालयेही हळूहळू त्याकडे वळली. त्याने नवा मजकूर सुरक्षित झाला. जुना झाला नाही. श्री-लिपी किंवा आकृतीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत, पण रफार, ‘तऱ्हा’मधला अर्धा र आणि मोडून बसवलेली जोडाक्षरे यांत ती अडखळतात, शिवाय ‘ॲ’ हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आल्याने त्याआधीच्या फॉन्टांत ते दाखवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. तिच्या फाइली अ‍ॅडोबीचे इनडिझाइन उघडू शके, पण फक्त सीएस-६ या आवृत्तीपर्यंत. त्यापुढच्या आवृत्त्यांतून ही सोय काढली गेली. अ‍ॅडोबीनेच जानेवारी २०२३ मध्ये टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टांचा आधार बंद केला. म्हणजे एखाद्या दुकानातील यंत्रावर जुने पेजमेकर, जुने इनडिझाइन, जुने फॉन्ट आणि जुने लॉक अशा चार ‘अनावश्यक’ गोष्टी पडून असतील, तर १९९६ सालच्या एखाद्या स्मरणिकेपर्यंत जाणारा तो एकमेव जिना असू शकतो, आणि कोणत्याही सफाई-साधनाच्या यादीत तो वर्षानुवर्षे न वापरलेला म्हणून अग्रभागी असेल.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि नव्या आवृत्तीला न चालणारी जुनी यंत्रे मोठ्या संख्येने मोडीत निघण्याचा किंवा फॉरमॅट होण्याचा काळ आला आहे. अशा यंत्रावरून काही काढण्यापूर्वी कामाचा क्रम उलटा धरावा लागतो : प्रथम फाइली पाहाव्यात, त्यांत कोणते फॉन्ट वापरले आहेत याची यादी करावी, ते फॉन्ट फाइलींशेजारीच नकलून ठेवावेत, छापण्यासारखी पाने फॉन्ट आत बांधून घेणाऱ्या पीडीएफ-ए या २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या प्रकारात काढावीत, शोधता येण्यासारखा मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून पाहावा, आणि मगच प्रोग्रामांना हात लावावा. दुकानदाराला या खटाटोपाचा मोबदला कोणी देणार नाही. तो देणारे कोणी असेल तर विद्यापीठ आणि ग्रंथालये असू शकतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, त्याच्या लातूर उपकेंद्राने आणि दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रंथालयांनी १९९० ते २०१० या वीस वर्षांतील स्थानिक छपाईच्या फाइली, त्यांचे फॉन्ट आणि छापील प्रती, फॉन्टच्या मालक कंपन्यांची रीतसर संमती घेऊन, एकत्र जमा करण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी लागणारी साठवण आजच्या एका सामान्य हार्ड डिस्कपेक्षा अधिक असण्याचे कारण नाही, आणि ज्या चालकांना कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट हे तोंडपाठ आहे ते अजून कामावर आहेत.